चढताना मोजलेल्या पायऱ्या

शाही जिंदाच्या जिन्याला पायऱ्या किती, हे अख्ख्या समरकंदात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. एक तो राजा, जो वरच्या टोकाला कबरीत निजला आहे आणि तरी ज्याला सगळे जिवंत म्हणतात. आणि दुसरी होसियत, जिने बावीस वर्षांहून जास्त काळ त्या जिन्याला झाडू मारला. राजा काही बोलत नाही. होसियत भरपूर बोलायची, पण आकडा काही सांगायची नाही.

बाकी सगळ्यांचं मोजणं चुकायचंच. पहिल्या पायरीवर उभं राहून मनात मागणं मागायचं, मोजत वर चढायचं, राजाला भेटायचं, मोजत खाली उतरायचं. दोन्ही आकडे जुळले तर मागणं पोचलं. नाही जुळले तर पुन्हा कधीतरी यायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पायऱ्या उभ्या आहेत, अर्ध्यात धाप लागते, मध्ये एक रुंद चौथरा आहे तो धरायचा की सोडायचा ते कळत नाही, आणि ज्याच्या मनात मागणं असतं त्याचं डोकं कधी ठिकाणावर असतं?

"ओपा, तो मधला चौथरा धरायचा का हो?" घाम पुसत बायका विचारायच्या. लहानथोर सगळे तिला ओपा म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

"धरायचा तर दोन्ही वेळा धर, सोडायचा तर दोन्ही वेळा सोड," होसियत झाडू न थांबवता म्हणायची. "जाताना एक आणि येताना दुसरं, हे नवऱ्याशी चालतं. राजाशी नाही चालत."

राजाची गोष्ट मात्र ती कुणी न विचारताही सांगे. "कुसाम त्याचं नाव. पैगंबरांचा चुलत भाऊ, चेहराही त्यांच्यासारखाच म्हणतात. इतक्या लांबून आपल्या या गावात आला. का आला? चांगलं सांगायला आला. आणि चांगलं सांगणाऱ्याचं जे होतं ते झालं. नमाजात उभा असताना मागून येऊन मान उतरवली. राजाने काय केलं? ओरडला नाही की पडला नाही. स्वतःचं डोकं काखेत घेतलं आणि विहिरीत उतरून गेला. खाली बाग आहे. तिथे आहे अजून." मग जरा थांबून ती म्हणे, "मेला म्हणावं तर जिवंत, जिवंत म्हणावं तर दिसत नाही. अशाकडे मागायला आपल्याला बरं पडतं."

हे सगळं ती ज्या दिवसांत सांगत होती, त्या दिवसांत ते सांगायची सोय नव्हती. सोव्हिएत सरकारच्या लेखी तो दर्गा नव्हता, जुन्या इमारतींचं संग्रहालय होतं, आणि होसियत पगारी झाडूवाली होती. एकदा राजधानीतून एक साहेब तपासणीला आले. म्हणाले, "बाई, इथे बायका ओठ हलवत चढतात. दुआ करतात काय?"

"छे हो साहेब. मोजतात."

"कशासाठी?"

"अडाणी आहेत बिचाऱ्या. अंकगणित शिकतायत."

साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पण ते परत निघाले तेव्हा होसियतने खालून नीट पाहिलं. उतरताना साहेबांचेही ओठ हलत होते.

होसियतचा राजावरचा हक्क जुना होता. लग्नानंतर तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही चाळिसावा दिवस बघायच्या आत गेली. सासू म्हणाली, जिन्यावर जाऊन ये. तेव्हा ती झाडूवाली नव्हती, चोवीस वर्षांची हडकुळी बाई होती. थांबत थांबत चढली, भिंत धरून उतरली, आणि आकडे जुळले. वर्षाच्या आत मुलगा झाला. आमच्याकडे मुलं जात असली की पुढच्याचं नाव तुरसुन ठेवतात, म्हणजे राहू दे, टिकू दे. तुरसुन टिकला. तो चार वर्षांचा असताना त्याचा बाप कापसाच्या ट्रकखाली गेला, आणि होसियतने राजाच्याच दारात नोकरी मागून घेतली. ज्याने दिलं त्याच्याच अंगणात वाढू दे पोराला, असा तिचा हिशेब.

वाढला तो जिन्यावरच. दोन दोन पायऱ्या गाळत उड्या मारायचा. आठ वर्षांचा असताना असाच तोंडावर आपटला आणि पुढचा दात पडला. होसियतने आधी त्याला एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं, मग तो दात शोधायला अख्खा जिना दोनदा झाडून काढला. दात काही सापडला नाही.

एकोणीस वर्षांचा झाल्यावर तिने त्याचं लग्न केलं. उरगुतची मुलगी, मोहिरा, उंच, शांत, कमी बोलणारी. होसियत मोहल्ल्यात सांगत सुटली, "माझ्या घरात बोलायला मी आहे, ऐकायला कुणी नव्हतं. आता आलं." लग्नाला चार महिने होतायत तोच लष्कराचं बोलावणं आलं.

निघायच्या दिवशी तुरसुनने दारात उभं राहून ताज्या नानचा एक घास तोडला. ही आमची रीत. जाणाऱ्याने नान चावायचा, उरलेला भिंतीवर टांगून ठेवायचा, आणि त्याने परत येऊन तो संपवायचा. अन्न ओढून आणतं माणसाला. मोहिराने तो नान पांढऱ्या फडक्यात बांधला, होसियतने खिळा ठोकला.

"परत येईन तोवर दगड होईल त्याचा," तुरसुन म्हणाला.

"तुझे दात आहेत ना मजबूत? एक सोडून?" होसियत म्हणाली. तिघंही हसले. तो तसा हसत गेला, आणि हेच पुढे होसियतला फार लागायचं, की आपण शेवटचं काय बोललो तर थट्टा.

पुढच्या वसंतात, तुतीला कोवळी पानं आलेली असताना, लष्करी कचेरीतला एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसेना. टोपी हातात. कागदावर लिहिलं होतं, अफगाणिस्तानात बेपत्ता.

"बेपत्ता म्हणजे मेला का?" होसियतने विचारलं.

"नाही, आई. बेपत्ता म्हणजे बेपत्ता."

"मग जिवंत आहे?"

त्या माणसाने कागद तिच्या हातात दिला आणि टोपी घातली. मोहिरा परातीत कणीक तिंबत होती. तिचे हात तसेच कणकेत राहिले, आणि तो माणूस गेल्यावरही ती किती तरी वेळ ते बाहेर काढायला विसरली.

दुसऱ्या दिवशी होसियत कामावर गेली ती झाडू न घेता. पहिल्या पायरीवर उभी राहिली. "माझा तुरसुन परत दे," एवढंच मागितलं. मोजत चढली. राजाच्या कबरीभोवतीच्या जाळीशी डोकं टेकलं. परत जिन्याच्या माथ्यावर आली, उतरायला पाऊल उचललं, आणि तसंच धरून राहिली.

चुकण्याची भीती तिला कशी असणार? सोळा वर्षं रोज हात फिरवलेल्या पायऱ्या त्या, झोपेत सांगितल्या असत्या. भीती होती ती बरोबर येण्याची. आकडा जुळणार, म्हणजे राजाने शब्द दिला. आणि शब्द देऊनही पोरगा आला नाही तर? मग एक तर राजा खोटा, नाही तर पोरगा मेलेला. या दोन्हींतलं एकही तिला सोसणारं नव्हतं. न उतरलेल्या जिन्याचा मात्र निकाल लागत नाही. तिने पाऊल मागे घेतलं, वळली, आणि वरच्या कबरस्तानातून टेकडीला वळसा घालून मागच्या वाटेने घरी गेली.

ती त्यानंतर सहा वर्षं त्या जिन्याने उतरली नाही.

आता झाडूवालीने जिना न उतरता जिना झाडायचा कसा, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सगळं जग वरून खाली झाडतं. होसियत खालून वर झाडायला लागली. एक पायरी झाडायची, केर सुपलीत भरायचा, मग वरची पायरी. कमरेचा काटा ढिला व्हायचा. संग्रहालयाचे मुख्य एकदा चिडून म्हणाले, "ओपा, हे काय उलटं चालवलंय? वरचा केर खाली पडणारच!"

"माझ्या हातचा नाही पडत," ती म्हणाली. आणि खरंच पडत नसे.

रोज सकाळी तेच मागणं, तेच मोजणं, आणि संध्याकाळी मागची वाट. अर्ध्या तासाचा फेरा पडायचा. हिवाळ्यात ती वाट गोठायची. एका लांबलेल्या थंडीत ती थडग्यांमधल्या बर्फावरून घसरली आणि मनगट मोडलं. मोहिराने महिनाभर तिची वेणी घातली, तिला घास भरवले.

"ओयी, जिन्याने का नाही येत तुम्ही?" एक दिवस वेणी घालता घालता तिने विचारलं. ओयी म्हणजे आई; सासूला ती तेच म्हणायची.

"उतरताना गुडघे धरतात."

"आणि चढताना?"

"चढताना राजा ओढतो."

मोहिराने वेणीला दोरा बांधला आणि कणीक मळायला गेली.

ती पोरगी तशी विचारणाऱ्यांतली नव्हतीच. चहाच्या कारखान्यात पाकिटं भरायची, संध्याकाळी तिच्या ओढणीला चहाचा वास यायचा. आईवडील तिला उरगुतला न्यायला दोनदा आले. दोन्ही वेळा तिने त्यांना पुलाव करून वाढला आणि परत पाठवलं. म्हणाली, "नान टांगलाय ना. मी गेले तर काढून कोण देणार त्यांना?" होसियतला हे ऐकून इतकं भरून आलं, की ती बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडली.

मग लढाई संपली. अफगाण सीमेवरच्या तिरमिझच्या पुलावरून लष्कराच्या शेवटच्या गाड्या परत आल्या. दोघी सासू-सुना टीव्हीसमोर बसून एकेक चेहरा बघत होत्या. टीव्ही बंद झाल्यावर मोहिरा उठली आणि भिंतीवरच्या फडक्यावरची धूळ झटकून आली. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती.

त्याच उन्हाळ्यात सलोमत खोला, म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी, दारात उभी राहिली. गल्लीतल्या कुणाचंही लग्न या खोलाशिवाय जमलं नाही, आणि मोडलं तेही बहुधा तिच्याचमुळे. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेले दोन नान होते. ते बघूनच होसियत समजली. मागणी घेऊन येणारी बाई नान घेऊन येते, आणि घरच्यांनी तो नान मोडला की बोलणी पक्की.

"चहा घे," होसियत म्हणाली, "आणि ते दोन्ही परत घेऊन जा."

"अगं, ऐकून तर घे. पोरगा तुझ्या डोळ्यांसमोरचा आहे. उस्ताद नुसरत."

नुसरत निळ्या फरशांचा कारागीर होता. शाही जिंदाच्या घुमटांच्या पडलेल्या फरशा तो पुन्हा बसवायचा. बायको बाळंतपणात गेलेली, सहा वर्षांची एक मुलगी, झेबो. होसियतशी त्याचं चांगलं जमायचं. दुपारी दोघं एकाच सावलीत बसून टरबूज खायचे. मोहिरा जेवण घेऊन आली की तो उठून लांब जाऊन बसायचा. होसियतला वाटायचं, काय संस्कारी माणूस आहे. आता तिला कळलं, का उठायचा ते.

"तिला नवरा आहे," होसियत म्हणाली.

"कुठे आहे?"

"ते सरकारला विचार."

"सात वर्षं होत आली, ओपा. मुल्लाजी म्हणतात, चार वर्षं वाट पाहिली की बाई मोकळी. कचेरीवालेही म्हणतात, अर्ज करा. सगळे म्हणतात. एक तू तेवढी..." सलोमतने दम घेतला, आणि मग जे बोलली ते तिने बोलायला नको होतं. "तुझा तुरसुन भिंतीवर टांगलाय तो टांगलाय, पण त्याच खिळ्याला तू दुसऱ्याची लेकही टांगून ठेवलीस, होसियत."

होसियतने तिला नानसकट दाराबाहेर काढलं. मोहिरा आत तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार. होसियत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कातावून म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा. मी कुणाला बांधून नाही ठेवलं."

मोहिराने मान वर केली. "मी कुठे काय म्हटलं, ओयी?"

हेच तर दुखणं होतं. तिने काही म्हटलं असतं, भांडली असती, तर होसियतला सोपं गेलं असतं.

गुरुवारी मोहिराची दुपारची पाळी असायची, म्हणून कारखान्यात जाता जाता ती ओयीला जेवण देऊन जायची. त्या गुरुवारी जेवण जिन्याजवळच्या सावलीत ठेवलेलं होतं आणि मोहिरा दिसत नव्हती. होसियत आतल्या दालनात कोरीव दाराची नक्षी कापडाने पुसत होती. दाराच्या पलीकडे राजाची जाळी. तिकडून हलका आवाज आला. ओळखीचा.

होसियतचा हात थांबला. चोरून ऐकू नये हे तिला कळत होतं. आणि आता आपण नुसरतचं नाव ऐकणार, हेही कळत होतं. ती श्वास रोखून उभी राहिली.

"दर गुरुवारी येते," मोहिरा राजाला सांगत होती, "आणि दर गुरुवारी माझी एक पायरी कमीच पडते. मला शाळेतही गणित येत नव्हतं. तुम्ही रागावू नका. मला माझ्यासाठी काही नकोय. ओयींना तेवढं जिन्याने खाली उतरता येऊ दे. परत थंडी येईल. परत पडतील त्या मागच्या वाटेवर. मनगट अजून नीट वळत नाही त्यांचं."

मग पावलं दूर गेली. होसियत दारामागून बाहेर आली आणि जिन्याच्या माथ्यावरून खाली बघत राहिली. मोहिरा बोटांवर मोजत उतरत होती. चौथऱ्यावरून ती न मोजता पुढे गेली; चढताना तो धरला असणार हे होसियतला इतक्या लांबून कळलं. खालच्या पायरीवर पोचून तिने बोटांकडे पाहिलं, मग ओढणीने तोंड पुसलं, आणि पाळीला उशीर होत असल्यासारखी झपाझप निघून गेली.

होसियत माथ्यावरच बसली. सहा वर्षं. सहा वर्षं आपण एका पोरीला मागायला लावलं, आणि तिने मागितलं तेही आपल्यासाठी. नुसतं विचारलं असतं तरी चौथऱ्याचं सांगितलं असतं. साऱ्या गावाला सांगत बसतो, घरातल्या पोरीला नाही सांगितलं. ती तिथे बसून मोठ्याने रडली. दोन पाहुण्या बायका घाबरून बाजूने गेल्या. त्यांना वाटलं, हिचा आकडा चुकला.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना तिने पियाला खाली ठेवला. "मोहिरा, आज कारखान्याला दांडी मार. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"कामावर. नवा दुपट्टा घे."

पहिल्या पायरीवर दोघी उभ्या राहिल्या. होसियतचे ओठ हलले. त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा तिने तुरसुनला मागितलं नाही. "या पोरीचं घर भरू दे," तिने मागितलं. मग मोजत वर गेली. मोहिरा मागे मागे.

राजाच्या जाळीपाशी तिने मोहिराला बाहेर थांबायला सांगितलं. मग गुडघे टेकून बसली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलू लागली.

"हे बघ, राजा. माझं जुनं मागणं मी मागे घेत नाही. ते तुझ्याकडे ठेवून जाते. तुरसुन जिवंत असेल तर तुझ्यासारखाच, आम्हाला दिसत नाही एवढंच. आणि गेला असेल तर तोही तुझ्यासारखाच. घरापासून लांब, कुणीतरी मान उतरवलेला. तुला ते कसं असतं ते माहीत आहे. मला नको सांगूस. त्याला बागेत जागा दे. पोरगं दंगेखोर आहे, दोन दोन पायऱ्या गाळतं, तेवढं सांभाळ." तिने नाक पुसलं. "आता मी खाली जाते. माझी सून वाट बघतेय."

माथ्यावर आल्यावर तिने मोहिराचा हात धरला. "मोजू नकोस तू. मी मोजते. तुझं गणित मला माहीत आहे."

मोहिराने चमकून तिच्याकडे पाहिलं, पण होसियतने पाऊल टाकलं होतं. एक. दोन. तीन. सहा वर्षांत या बाजूने जिना बघितलाच नव्हता तिने. खालचा रस्ता, रस्त्यापलीकडची झाडं, लांबवर निळ्या छपरांचा बाजार. केवढं उघडं दिसायचं इथून. अकरा, बारा. मोहिराचा हात घामेजला होता, की तिचा स्वतःचा? सोळा. सतरा.

सतराव्या पायरीची कड उडालेली होती. इथेच आपटला होता तो. इथेच तिने धपाटा मारला होता, मग पोटाशी धरला होता. त्याच्या केसांना तेव्हा उन्हाचा वास येत होता. तोंडात रक्त आणि तरी हसत होता, "दात गेला, ओयी, दात गेला!" आणि तिने जिना दोनदा झाडला होता. एवढासा दात. सापडला असता तर आज असता घरात, त्याचं काहीतरी तरी असतं.

होसियत भानावर आली तेव्हा ती चौथऱ्यावर होती. किती झाल्या? तिला आठवेना. जिने सोळा आणि सहा अशी बावीस वर्षं तो जिना हाताने पुसला, तिचा आकडा हरवला होता. पाय मात्र थांबले नाहीत. ते आपले आपण उतरत राहिले, एकामागून एक, आणि पाहता पाहता खाली जमीन आली.

मोहिराने विचारलं, "किती आले, ओयी?"

होसियतने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. आयुष्यात तिने राजाच्या दारात एकही खोटं बोललेलं नव्हतं. साहेबाला सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं.

"जेवढे चढताना, तेवढेच," ती म्हणाली. "जुळले."

मोहिरा तिथेच तिच्या गळ्यात पडून रडली. सात वर्षांचं रडणं होतं ते, चहाच्या वासाचं. थोड्या वेळाने होसियतने तिला सरळ उभं केलं. "बास आता. लोक बघतायत. आणि तू काय मागितलं होतंस गं?"

"ते सांगायचं नसतं," मोहिरा डोळे पुसत म्हणाली. "पण पोचलं."

घरी जाताना दोघी वाट वाकडी करून सलोमत खोलाकडे गेल्या. सलोमत दार उघडून नुसतीच उभी राहिली, कारण होसियतला असं दारात बघून तिला आता शिव्या बसणार याची खात्री होती.

"ते नान कुठे आहेत?" होसियत म्हणाली.

"ते? ते तर संपले कधीच."

"मग ताजे आण. शिळ्यावर माझ्या मुलीचं लग्न नाही मोडायचं... म्हणजे नान नाही मोडायचा. तू मला बोलायला लावतेस बघ काहीतरी भलतंच."

मुलीचं, ती म्हणाली. सुनेचं नाही. सलोमतने ते बरोबर ऐकलं, आणि पुढची पंधरा वर्षं गल्लीत सांगितलं.

लग्न शरदात झालं, द्राक्षं उतरवून झाल्यावर. होसियतने मुलीकडच्यांच्या बाजूला बसून नुसरतला दम दिला, झेबोच्या केसांना तेल लावलं, आणि पुलावात मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडण काढलं. निघताना मोहिरा उंबरठ्यावर थबकली. होसियतने ओढणीखालून एक ताजा नान काढून तिच्यापुढे धरला.

"चाव."

"ओयी, मी काय लढाईला चाललेय? दोन गल्ल्या पलीकडे तर जातेय."

"चाव म्हणते ना!"

मोहिराने चावला. होसियतने तो फडक्यात बांधला आणि जुन्या खिळ्याशेजारी नवा ठोकून त्यावर टांगला. मोहिरा चौथ्या दिवशीच झेबोला घेऊन आली आणि दोघींनी मिळून तो चहात बुडवून संपवला. मग होसियतने दुसरा आणून चावायला लावला. ही रीत पुढे कायमची झाली. त्या घरात एक खिळा सारखा रिकामा होत होता, सारखा भरत होता. आणि त्याच्या शेजारचा होता तसाच होता.

जिनाही बदलला. आता होसियत सगळ्या जगासारखी वरून खाली झाडायची, आणि संध्याकाळी पुढच्या वाटेने घरी जायची. मुख्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कधी पाहुण्या बायका विचारायच्या, "ओपा, तुम्ही रोज चढता, रोज उतरता. तुमचं तर सगळं मिळालं असेल?"

"मिळालं की," ती म्हणायची. "एक मुलगी मिळाली."

मनाने मात्र ती अजून तुरसुनचीच वाट बघत होती, हे तिला रोज सकाळी झाडू मारायच्या आधी एकदा जिना चढताना बघणाऱ्याला कळलं असतं. पहिल्या पायरीवर थांबायची, ओठ हलवायची, आणि मोजत वर जायची. त्या शुक्रवारी चौथऱ्यावर तिला जे कळलं होतं, ते इतकं सोपं होतं की सहा वर्षं सुचलं नाही याचं तिला हसू यायचं. आकडा हरवला तरी पाय माणसाला खाली आणतात.

म्हणून चढताना ती मोजायची. उतरताना कधीच नाही.